निळा होस्टा: सावलीच्या अंगणात 'हॅल्सिअन' लावायचा कसा आणि त्याची निळाई राखायची कशी

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात दोन जुने ओक होते आणि त्यांच्याखाली दिवसभर सावली. पहिल्या उन्हाळ्यात मी तिथे मेथी टाकली. ती उजेडाच्या शोधात लांब काडी होऊन आडवी पडली. पुढच्या वर्षी वांगी लावली, त्यांना फूलसुद्धा धरलं नाही. तिसऱ्या वर्षी हट्ट सोडला आणि सावलीलाच मानवेल असं काही शोधायला नर्सरीत गेले. तिथे एका कोपऱ्यात राखी-निळ्या पानांच्या सहा कुंड्या होत्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'हॅल्सिअन', होस्टा या शोभेच्या पानांच्या झाडाचा एक निळा प्रकार. सहाही उचलल्या.

त्या जूनमध्ये आई सांगलीहून आली. मागचं दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "अगं, एवढं अळू लावलंयस आणि वड्या करत नाहीस?" अळू नाही गं, शोभेचं आहे, असं सांगितलं, पण तिचा जीव त्या पानांत अडकला. आठवड्याभराने ऑफिसमधून परत आले तर आई ओलं फडकं घेऊन वाफ्यात बसलेली. "किती धूळ बसली होती गं यांच्यावर! पांढरी पांढरी. सगळी पुसून काढली." सहापैकी चार रोपं लख्ख झाली होती. लख्ख आणि हिरवीगार. निळा रंग फडक्याला लागून गेला होता, आणि त्या चार रोपांवर तो पुढच्या वसंतापर्यंत परतला नाही.

आईला काय बोलणार? मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं की या पानात निळा रंग नसतोच. पान आतून साधं हिरवंच असतं. त्याच्यावर मेणाचा एक पातळ थर धरतो, त्यावर उजेड विखुरतो आणि हिरव्याचं निळसर दिसतं. द्राक्षावर किंवा कोबीच्या बाहेरच्या पानावर बोट फिरवलं की पांढुरकं काहीतरी पुसलं जातं ना, तसलंच हे. अळवावरचं पाणी आपण म्हणतो, ते पाणी टिकत नाही तेही पानावरच्या मेणामुळेच. पूर्ण वाढलेल्या होस्टाच्या पानावर हा थर एकदा गेला की तसा पुन्हा धरत नाही, नव्या पानांची वाट बघावी लागते. म्हणून जागा, पाणी, फवारणी, काहीही ठरवताना मी आता एकच प्रश्न विचारते: याने मेण राहील की जाईल?

आधी थोडं कुळ-मूळ

होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनचा. जपानीत त्याला 'गिबोशी' म्हणतात. जुन्या लाकडी पुलांच्या खांबांवर कळसासारखं जे टोपण असतं त्याचं हे नाव, कारण होस्टाची कळी तशीच दिसते. जपानमधल्या डच वखारीत डॉक्टर असलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड याने १८३०च्या सुमारास यातले बरेच प्रकार युरोपात नेले. 'सीबोल्डियाना' ही निळ्या पानांची जात त्याच्याच नावाने ओळखली जाते. कुळ विचाराल तर शतावरीचं. घायपातही याच भावकीतला, पटत नसलं तरी.

निळ्यांमध्ये जुना आणि भव्य तो 'एलेगन्स', जर्मनीच्या गेऑर्ग आरेंड्स याने १९०५ साली काढलेला. चारेक फूट पसरतो, पानं सुरकुतलेली आणि ताटाएवढी. 'हॅल्सिअन' इंग्लंडचा. १९६१ साली एरिक स्मिथ याने लवकर फुलणाऱ्या 'एलेगन्स'चा आणि अगदी शरदात फुलणाऱ्या 'टार्डिफ्लोरा'चा संकर केला, त्या वंशातला हा. दीड फूट उंच, तीनेक फूट घेर, पान लांबट बदामी आणि जाड, उन्हाळ्याच्या मध्यानंतर फिकट जांभळी फुलं. 'जून' या नावाचा निळ्या कडेचा, मध्ये पिवळा असलेला होस्टा दुकानात खूप दिसतो. तो याच 'हॅल्सिअन'मधून आपोआप फुटलेला. नवख्याने 'हॅल्सिअन'च घ्यावा असं माझं मत आहे. 'एलेगन्स' सुंदर खराच, पण ऐटीत यायला इतकी वर्षं लावतो की तोवर माणूस घर बदलतो. गॅलरीत कुंडीतच लावायचा असेल तर 'ब्लू माउस इअर्स'. उंदराच्या कानाएवढी जाड, गोल पानं, सगळं रोप वीतभर उंच.

पुण्या-मुंबईहून मैत्रिणी फोटो बघून विचारतात, त्यांना इथेच सांगते: तिकडे हा टिकणार नाही. होस्टाला हिवाळ्यात झोप लागते, निदान सहा आठवडे तरी ४-५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालची सलग थंडी. ती मिळाली नाही तर कंद दर वर्षी बारीक होत जातो आणि संपतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात, पण ती काही पहाटांची गोष्ट, दुपारी पुन्हा ऊन. फ्रीजमध्ये कंद ठेवण्याचे प्रयोग करणारे करतात. मला तो झाडाचा छळ वाटतो.

जागा: कुठली सावली

सावलीतलं झाड म्हणून त्याला अगदी काळोख्या कोपऱ्यात कोंडू नका. रंग टिकतो, पण रोप वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. सकाळचं तासा-दोन तासांचं कोवळं ऊन आणि मग दिवसभर पानांतून गाळून आलेला उजेड, हे उत्तम. दुपारी बारानंतरचं ऊन मात्र नकोच. जुलैच्या उन्हात मेण उतरतं, पान हिरवं पडतं आणि कडा करपतात. पिवळ्या पानांचे होस्टा थोडं ऊन मागतात, निळे सगळ्यांत कमी. घराची पूर्व बाजू किंवा उत्तरेची भिंत बहुतेक वेळा योग्य ठरते. लावण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी जाऊन ऊन कुठे आहे ते बघा, आणि हे मे-जूनमध्ये करा. मार्चमध्ये झाडांना पानं नसतात, तेव्हाचं ऊन फसवतं.

आणखी एक गोष्ट, जी मला रोप लावून झाल्यावर कळली: छपराच्या पन्हाळीखाली लावू नका. वरून पडणाऱ्या जाड थेंबांनी मेण झिजतं. माझं एक रोप तिथे होतं, त्याच्या प्रत्येक पानावर मधोमध हिरवा पट्टा.

झाडाखाली लावणार असाल तर झाड कोणतं ते बघा. ओकची मुळं खोल जातात, त्याच्याखाली होस्टा सुखात राहतो. नॉर्वे मेपल असेल तर विचार बदला. त्याची मुळं वरच्या वितीभर मातीत जाळ्यासारखी विणलेली असतात आणि तुम्ही घातलेलं पाणी-खत तीच आधी पितात. तिथे मोठ्या कुंडीत लावणं शहाणपणाचं. ओकखाली खणताना मनगटाएवढं मूळ लागलं तर तोडू नका, खड्डा बाजूला सरकवा. बोटभर जाडीची चार-दोन तुटली तर झाडाला कळतही नाही. आणि बुंध्याभोवती नवी माती चढवून वाफा उंच करण्याचा मोह टाळा, त्याने झाड गुदमरतं.

माती

आमच्या मध्य जर्सीत लालसर चिकणमाती. ओली असताना गोळा होतो, वाळली की वीट. होस्टाला ओलावा आवडतो, पण मुळाशी साचलेलं पाणी नाही, विशेषतः हिवाळ्यात. पहिल्यांदा मातीचा नमुना रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवून बघा, खर्च फार नाही आणि अंदाजपंचे चुना घालणं वाचतं. सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास असला की झालं. मग तीन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं कंपोस्ट किंवा पानांचं खत, फुटभर खोलीपर्यंत मिसळा. चिकणमाती मोकळी करायला वाळू घालावी असं कोणीतरी नक्की सुचवेल. घालू नका, ती सिमेंटसारखी बसते.

लावणी

वेळ दोन. एक वसंतात, आमच्याकडे एप्रिलअखेर ते मेअखेर. दुसरी सप्टेंबरमध्ये, जमीन गोठायच्या निदान सहा आठवडे आधी. मला सप्टेंबर जास्त आवडतो, कारण माती अजून कोमट असते, मुळं धरतात आणि नर्सऱ्या रोपं स्वस्तात काढतात.

खड्डा कुंडीएवढाच खोल, पण रुंदीला दुप्पट. होस्टाची मुळं खाली कमी आणि आडवी जास्त जातात. कुंडीतून रोप काढलं की मुळांचा गोळा हाताने सोडवा. नर्सरीतल्या हलक्या मिश्रणात ती गोल गोल फिरलेली असतात, तशीच लावली तर दोन वर्षांनी उपटल्यावरही कुंडीचाच आकार निघतो. मी गोळा बादलीत बुडवून अर्धं मिश्रण धुऊनच टाकते. पोस्टाने मातीविना मुळं आली असतील तर तासभर पाण्यात ठेवा, खड्ड्यात मातीची छोटी उंचवटी करा आणि मुळं तिच्यावरून छत्रीच्या काड्यांसारखी पसरवा. कोंब जिथून निघतात तो गड्डा जमिनीच्या पातळीला यायला हवा. खोल गेला तर कुजतो. माती हाताने दाबा, पायाने नको. भरपूर पाणी घाला, माती बसली की पुन्हा थोडी टाका. दोन रोपांत अडीच ते तीन फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी वाफा रिकामा वाटेल, वाटू दे. मध्ये नेचे लावा, राखी-जांभळ्या छटेचा जपानी नेचा निळ्या होस्टाशेजारी फार शोभतो.

हे सगळं करताना पान धरू नका, देठ धरा. कुंड्या गाडीत एकमेकींना घासत आणल्या तरी पानांवर हिरवे ओरखडे उठतात.

पाणी आणि खत

पावसासकट आठवड्याला इंचभर पाणी, असा हिशेब आहे. तीन फूट घेराच्या वाढलेल्या रोपाला तो साधारण एक बादली, म्हणजे १६-१७ लिटर पडतो. नव्या रोपाला त्याच्या निम्मं, पण दोनदा विभागून. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तर घाला. पाणी मुळाशी आणि सकाळी. वरून फवारा उडवणारा स्प्रिंकलर या वाफ्यात लावूच नका: थेंबांनी मेण जातं, पाणी जड असेल तर पानावर चुन्याचे ठिपके बसतात, आणि पानं रात्रभर ओली राहिली तर रोग. झिरपणारी पाइप वाफ्यात वळवून टाकली की प्रश्न मिटतो.

खताबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कोंब वर आले की रोपाभोवती दोन-तीन चमचे सावकाश विरघळणारं १०-१०-१० (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) खत आणि वर कंपोस्टचा थर. जुलैच्या मध्यानंतर काही नको. जास्त नत्राने पानं लुसलुशीत होतात आणि गोगलगायींचं फावतं.

वर दोन इंच चुरलेली पानं किंवा पाइनच्या सालीचा थर द्या, गड्ड्यापासून चार बोटं दूर.

कडुनिंबाचं तेल घरात ठेवा, वाफ्यात नको

हा परिच्छेद आपल्या लोकांसाठी मुद्दाम. कुठल्याही झाडावर काहीही दिसलं की आपला रामबाण ठरलेला: कडुनिंबाचं तेल, त्यात दोन थेंब भांड्यांचा साबण. मावा जातोच, पण निळ्या होस्टावरचं मेणही जातं. तेल आणि साबण दोन्ही मेणाचे वैरी. बागेसाठी मिळणारा कीटकनाशक साबण, पानं चमकवण्याचे स्प्रे, सगळ्यांची हीच गत. कीड दिसली तर हाताने काढा किंवा ते एक पान कापा.

खाणारे: गोगलगायी, हरणं आणि जमिनीखालचे

लातूर-बीडकडच्या सोयाबीनवाल्यांना शंखी गोगलगायीचा उपद्रव माहीत आहे. इथली बिनशंखाची, बोटभर लांब आणि बुळबुळीत. रात्री येते, सकाळी पानाला भोकं आणि वाळलेला चकचकीत माग. त्यातल्या त्यात बरं म्हणजे 'हॅल्सिअन'चं पान जाड आणि मेणचट, ते तिला पातळ पानाइतकं रुचत नाही. तरी वसंतातले कोवळे कोंब ती सोडत नाही, आणि गुंडाळलेल्या कोंबाला पाडलेलं एक भोक पान उलगडलं की चार भोकं होऊन दिसतं. म्हणून उपाय एप्रिलमध्येच करायचा. आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या कोंबांभोवती विरळ टाका. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणू नका, कुत्र्यांना घातक असतात. अंड्याची टरफलं आणि तांब्याची पट्टी यांवर माझा विश्वास होता, तो गेला. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, लोकर, साल असे घरगुती अडसर तपासले आणि गोगलगायींनी कशालाही भीक घातली नाही. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे रात्री नऊनंतर टॉर्च आणि साबणाच्या पाण्याचा डबा. पुढच्या वेळी आई आली तेव्हा हे काम तिच्याकडे दिलं. पानं पुसण्याची हौस त्यात भागली. पहिल्या रात्री एकतीस मोजल्या तिने.

हरणांपुढे मात्र हात टेकले. रटगर्सने हरणं काय खातात याची यादी केली आहे, त्यात होस्टा सगळ्यांत वाईट गटात आहे. माझ्या अनुभवाने, एका रात्रीत सहा रोपांच्या फक्त काड्या उरतात. आठ फुटी कुंपण हा पक्का उपाय, पण प्रत्येकाला शक्य नाही. सडक्या अंड्याच्या वासाचे फवारे मिळतात. ते पानं उलगडताना एकदा आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी मारावे लागतात, पावसानंतर पुन्हा. त्यांचे डाग निळ्या पानावर दिसतात, म्हणून मी नंतर पानांऐवजी वाफ्याच्या कडेच्या नेच्यांवर मारते. पूर्ण खात्री नाही, निभावतं. घराच्या दाराजवळ, जिथे दिवा आणि वर्दळ आहे तिथे लावलेली रोपं वाचली.

तिसरा शत्रू 'व्होल', उंदरासारखाच पण आखूड शेपटीचा. हा हिवाळ्यात मुळं खातो. वसंतात कोंब वर आले नाहीत, किंवा हलकेच ओढल्यावर गड्डा मुळांविना हातात आला, तर समजा तोच. लावतानाच अर्धा इंच किंवा त्याहून बारीक छिद्रांच्या लोखंडी जाळीची टोपली करून तिच्यात रोप बसवा. जाड आच्छादनाखाली तो घर करतो, म्हणून दोन इंचांच्या वर थर नको.

पाळीव प्राणी असतील तर एवढं ध्यानात ठेवा: कुत्र्या-मांजरांनी ही पानं खाल्ली तर उलट्या होतात. माणसांचं वेगळं आहे. जपानमध्ये वसंतातले कोवळे कोंब 'उरुई' म्हणून भाजीसारखे खातात. म्हणजे आईचं वड्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण नर्सरीच्या रोपावर आधी काय काय फवारलेलं असतं कोण जाणे, मी काही केल्या नाहीत.

रोग, जे ओळखता यायलाच हवेत

होस्टा व्हायरस एक्स १९९६ साली ओळखला गेला. लक्षण असं: टीपकागदावर शाई फुटावी तसा शिरांच्या कडेने गडद रंग पसरतो, काही ठिकाणी पान चुरगळल्यासारखं आणि पातळ वाटतं. औषध नाही. रोप मुळांसकट काढून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. तो रसातून पसरतो, म्हणून एका रोपाची पानं कापून त्याच कात्रीने दुसऱ्याची कापू नका. साबणाने घासून मग एकास नऊ ब्लीचच्या पाण्यात बुडवा. नर्सरीत 'अनोखी नक्षी' असं लेबल लावून स्वस्तात विकायला काढलेलं रोप दिसलं तर दोन पावलं मागे सरका.

जुलै-ऑगस्टच्या दमट गरमीत एखाद्या सकाळी बाहेरची पानं एकाएकी आडवी पडली, तर देठांचा बुडखा बघा. पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील तर ती बुरशी. भुईमुगाच्या खोडकुजीच्या बुरशीची ही सख्खी बहीण. सडके देठ आणि भोवतालची दोन-तीन इंच माती उचलून फेका, आच्छादन मागे ओढा, हवा खेळू द्या. आणि उन्हाळा सरताना शिरांच्या मधून सरळ तपकिरी पट्टे उठले तर ते पानातले सूत्रकृमी. ओल्या पानावरून ते पुढे सरकतात, वरून पाणी न घालण्याचं हे आणखी एक कारण.

ऑगस्टमध्ये निळा रंग आपोआप फिका, हिरवट होतो, तो मात्र रोग नाही. उष्णतेने आणि पावसाने मेण झिजलेलं असतं. मिनेसोटात किंवा इंग्लंडमध्ये थंडाव्यामुळे ते जास्त टिकतं, जर्सीत एवढंच.

हिवाळा आणि विभागणी

पहिल्या कडक गोठणीत पानं उकडलेल्या पालकासारखी लोळतात. तेव्हा ती बुडाशी कापून फेकून द्या, कारण त्यांच्यात गोगलगायींची अंडी आणि सूत्रकृमी दडतात. जमीन गोठल्यावर मगच हलकं आच्छादन, म्हणजे गोठण्या-वितळण्यात रोप वर ढकललं जात नाही. कुंडीतली रोपं गरम न केलेल्या गॅरेजमध्ये, माती जेमतेम ओलसर. एप्रिलमध्ये कोंब निघाल्यावर उशिराची गोठण आली तर रात्री जुनी चादर किंवा उलटी बादली.

'हॅल्सिअन'ला घाई नाही. पहिल्या वर्षी तो जवळपास काहीच करत नाही, दुसऱ्या वर्षी थोडं, तिसऱ्यापासून खरा. रोप लहान असताना पान अरुंद असतं, पूर्ण रूप यायला चार-पाच वर्षं. त्याआधी विभागू नका. विभागायचा तो वसंतात, कोंब दोन इंच वर आले की, म्हणजे पान उलगडलेलं नसतं आणि मेणाला हात लागत नाही. सगळा गड्डा उकरा, पाण्याने माती धुवा, आणि धुतलेल्या सुरीने प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब आणि त्यांची मुळं राहतील असं कापा. बी पेरून हे होत नाही, बियांतून भलतीच हिरवी पोरं निघतात. तुकडे त्याच दिवशी लावा, किंवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्या. माझ्या सहांचे आता चौदा झालेत, आणखी पाच एडिसनमध्ये मैत्रिणींकडे. देताना प्रत्येकीला एकच बजावते, पाहुण्यांच्या हाताला फडकं लागू देऊ नका.